पद्मिनी पुन्हा रस्त्यावर: मोजक्या पैशांत घरची जुनी गाडी वाचवताना

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतोय ना? बरं. 

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या इमारतीच्या आवारात उभा असेल. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली गाडी. वरती ताडपत्री, चारही टायर बसलेले, टपावर मांजर. विकवत नाही आणि चालवताही येत नाही. वर्षातून एकदा सोसायटीच्या सभेत तिचा विषय निघतो आणि पुढच्या वर्षावर जातो.

आमच्याकडे अशीच एक प्रीमियर पद्मिनी होती, १९७९ची. सांताक्रूझ पूर्वेला, जिन्याच्या बाजूला. बाबांनी घेतलेली. मग इमारत पुनर्विकासाला गेली आणि 'बघू पुढे' म्हणायची सोय संपली. रिकामी करण्याची तारीख आली. भंगारवाला येऊन बघून गेला, किलोचा भाव सांगून गेला. म्हणजे प्रश्न सरळ होता: गाडी फाटकातून टेम्पोवर चढून जाणार की स्वतःच्या चाकांवर?

आम्ही म्हणजे दोघं भावंडं. आम्ही मेकॅनिक नाही आणि हौशी संग्राहक तर मुळीच नाही. हाताशी दोन लाख रुपये होते, त्यावर एक पैसा नव्हता. त्या मर्यादेत काम करताना जे शिकलो ते आज सांगतो. सगळ्याचं सार आधीच सांगून टाकतो. पैसे कमी असतात तेव्हा कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे ठरवण्यातच अर्धी लढाई असते. आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन, मग वायरिंग. रंग सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात. आम्हीही एकदा केली होती, त्याची गोष्ट पुढे येईलच.

गाडी कुर्ल्याची, ओढ टॅक्सीची

आधी ही गाडी समजून घेऊ, कारण दुरुस्तीचा खर्च तिच्या इतिहासावर अवलंबून आहे.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवात अमेरिकन गाड्यांच्या जुळणीने झाली, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० ही दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली घडलेली गाडी. तिचं पहिलं रूप आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखलं गेलं, ती उलट्या उघडणाऱ्या पुढच्या दारांची. १९६४ पासून 'डिलाइट' आली. तिचाच अवतार १९७४ पासून 'पद्मिनी' झाला, चितोडच्या राणीच्या नावाने. शतक संपेपर्यंत ती बनत राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मागच्या चाकांना ओढ, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मूळ आराखडा तीस-पस्तीस वर्षं जवळजवळ तोच राहिला.

गाडी घेणं म्हणजे घरातली केवढी मोठी घटना, याची एक आठवण सगळ्यांना माहीत आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी फियाट घेतली. किंमत १२ हजार, हाताशी ७ हजार. उरलेले ५ हजार पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. जानेवारी १९६६ मध्ये ते गेले आणि कर्जाचे हप्ते ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडले. ती गाडी दिल्लीच्या त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. पंतप्रधानांची ही स्थिती, तर कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरी काय असेल! या गाड्या टाकवत नाहीत त्याचं एक कारण हेच.

आता मुद्दा असा. कारचा आराखडा तीस वर्षं बदलला नाही हे त्या काळी टीकेचं कारण होतं. आज दुरुस्ती करणाऱ्याला तोच फायदा आहे. १९७९च्या गाडीला १९९५च्या गाडीचे बरेचसे सुटे भाग बसतात. आणि ते भाग बाजारात टिकले ते आपल्या घरगाड्यांमुळे नाही, काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. टॅक्सी रोज धावायची, रोज काहीतरी झिजायचं, म्हणून कुणीतरी ब्रेक शू बनवत होतं, कुणी क्लच प्लेट, कुणी रबरी बुश. हजारो टॅक्सींच्या जिवावर आपल्यासारख्यांच्या शेकडो गाड्या जगत होत्या.

ती साखळी तुटली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांत त्या दिवशी हळवे लेख आले. आम्ही मात्र दुसऱ्या दिवशी कलिन्याहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवर, जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत गेलो. एका म्हाताऱ्या दुकानदाराने, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो, सरळ सांगितलं: "आहे तो माल विकतोय. नवा कुणासाठी भरू?"

म्हणून तुमच्या आवारात पद्मिनी असेल तर 'निवृत्तीनंतर बघू' म्हणू नका. तुमच्याकडे पैसे साठतील तोवर दुकानातला माल आणि मिस्त्रीचे हात, दोन्ही कमी झालेले असतील.

पहिला टप्पा: कागद

गाडीला पाना लावण्याआधी आरसी पुस्तक शोधा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते. सांताक्रूझच्या लोकांना अंधेरीचं कार्यालय. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५ हजार झालं, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १० हजार. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे जादा शुल्क, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट. हे सगळं एका कागदावर मांडून बेरीज करा. आमच्याकडे ही बेरीज वीस हजारांच्या घरात गेली, म्हणजे एकूण पैशांतला दहावा हिस्सा. आधी माहीत नसतं तर तो ब्रेकच्या पैशांतून गेला असता.

जुन्या गाड्यांची आणखी एक अडचण असते. नोंद संगणकात आलेलीच नसते. अशा वेळी मूळ कागद दाखवून आधी ती जुनी नोंद चढवून घ्यावी लागते, त्याला कार्यालयात बॅकलॉग एन्ट्री म्हणतात. वडिलांच्या नावावरची गाडी असेल आणि वडील हयात नसतील, तर वारसाच्या नावावर हस्तांतर हेही आधीच. यात महिने जातात. ते महिने फुकट घालवायचे नाहीत, त्या काळात पत्र्याचं काम चालू शकतं. पण कागद मिळणारच नाहीत असं दिसलं, तर तिथेच थांबायचं. पुढचा एक रुपयाही घालायचा नाही.

काही जण विचारतात, व्हिंटेज नोंदणी करू का? २०२१ मध्ये केंद्राने त्याचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे बदल न केलेली. नव्या नोंदणीला २० हजार, 'व्हीए' अक्षरांची मालिका, आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. पण त्या नोंदणीवर रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. ज्यांना रविवारी आईला घेऊन पार्ल्याला जायचंय त्यांच्यासाठी साधं नूतनीकरणच बरं.

दुसरा टप्पा: पत्रा

आता सगळ्यात महत्त्वाचं. आणि इथे सांताक्रूझचा संबंध येतो.

सांताक्रूझ हे नाव देशभर एका गोष्टीसाठी ऐकलं जातं, इथल्या वेधशाळेच्या पावसाच्या आकड्यासाठी. २६ जुलै २००५ रोजी इथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी मिलन सबवे, कलिना, वाकोला, सगळीकडे गाड्या बुडाल्या. आमचीही बुडाली. पाणी सीटच्या वर होतं. पण एरवीसुद्धा इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुहूचा समुद्र वाऱ्याच्या अंतरावर आहे.

गंजाला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच लागतं. मीठ काय करतं? मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते. गंज ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया असल्यामुळे ती कितीतरी वेगाने होते. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, रंगाला आतून ढकलतो. बाहेर जो चण्याएवढा फोड दिसतो, त्याच्यामागे आत रुपयाएवढं भोक असतं.

फियाट ११००ला ट्रकसारखा वेगळा सांगाडा नाही. तिची बॉडी हाच सांगाडा. दारांच्या खाली दोन्ही बाजूंना पत्र्याची जी लांब, पोकळ पेटी असते, ती शोभेची नाही. तिच्यावर गाडीचा भार असतो. तिच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साठतं, आणि पेटी आतून बाहेर कुजत येते. बाहेरून रंग चकचकीत!

आमची चूक इथलीच. पुराच्या काही वर्षांनंतर आम्ही गाडीला 'नवीन' करायला म्हणून एका पेंटरकडे दिली. त्याने कुजलेल्या पत्र्यावर लांबी भरली, घासली, वर रंग मारला. दोन महिने गाडी नवरीसारखी दिसत होती. तिसऱ्या पावसात लांबी ओल धरून ढलप्याढलप्यांनी सुटली आणि आतला पत्रा आधीपेक्षा जास्त गेलेला. पैसे गेलेच, पण खरं नुकसान वेगळं होतं. गंज झाकला गेल्यामुळे आम्हाला वाटलं की गाडी ठीक आहे. त्या समजुतीत आमची वर्षं गेली.

तर तपासणी अशी करा. याला पैसे लागत नाहीत. एक लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा म्हणजे ओरखडे येणार नाहीत, आणि बॉडीवर फिरवा. पत्रा असेल तिथे चिकटेल, जाड लांबी असेल तिथे घसरेल. मग बोथट स्क्रूड्रायव्हरने खालून ठोका. पायांखालचा पत्रा, दारांखालच्या पेट्या, जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा ट्रे, डिक्कीत स्टेपनीखालचा खळगा, आणि मागच्या पाट्यांचे टोक जिथे बॉडीला बसतं ती जागा. टणक आवाज आला तर उत्तम. 'भुस' असा आवाज आला किंवा टोक आत गेलं तर तिथे खडूने खूण करा. शेवटी दारं उघडून-मिटून बघा. दार उचलून लावावं लागत असेल तर बिजागरी झिजली असेल. पण दाराची फट वर आणि खाली सारखी दिसत नसेल, तर बॉडीच मधून वाकायला लागलेली असू शकते. तसं असेल तर मोजक्या पैशांच्या माणसाने हात जोडावेत आणि दुसरी बॉडी शोधावी.

दुरुस्तीचा नियम एकच. कुजलेला पत्रा कापून काढायचा, निरोगी पत्रा लागेपर्यंत. मग साधारण त्याच जाडीचा, म्हणजे वीस गेजचा पत्रा घडवून जोडायचा. सलग गॅसची धार दिली तर पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून थोडं थोडं, टाके दिल्यासारखं जोडायचं. दोन्ही बाजूंच्या पेट्या एकदम कापायच्या नाहीत, आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी टेकू द्यायचा. नाहीतर गाडी वाकेल आणि दारं पुन्हा कधीच बसणार नाहीत. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. ही गोष्ट घाईत विसरली जाते आणि गाडीसकट गॅरेज पेटतं. शेवटी झिंकचा प्रायमर, खालून कोटिंग, आणि पोकळ भागांत आतून मेण किंवा तेलाचा फवारा. पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना, ते बघा. आमचे सगळ्यात जास्त पैसे इथे गेले, आणि यातलं काहीही बाहेरून दिसत नाही.

तिसरा टप्पा: थांबणं

चालायच्या आधी गाडी थांबली पाहिजे.

ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत त्या ओलीने सिलिंडर आतून गंजतात आणि रबरी वॉशर चिकटतात किंवा फुगतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना एकच वाहिनी असते. कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून इथे 'हा चालेल, तो बदलू' असं करायचं नाही. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होज, गंजलेले पाइप, तेल, सगळं नवीन. टायरही. नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा-पंधरा वर्षांचं रबर तडकलेलं असतं.

एक सूचना. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नका, फुंकर तर नकोच. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

चौथा टप्पा: इंजिन

गंमत म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त भीती असते ते इंजिन बहुधा वाचतं. पण पहिल्याच दिवशी उत्साहाने सेल्फ मारला तर ते आपणच मारतो.

आधी चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस थांबा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून बघा. फिरलं तर अर्धा जीव भांड्यात. जुनं ऑइल, जुनं पाणी बदला. टाकी धुऊन घ्या, कार्ब्युरेटर साफ करा. मगच सेल्फ.

इंजिन सुरू झालं आणि धूर मारतंय. मिस्त्री म्हणतो, "साहेब, इंजिन बांधायला लागेल." थांबा. आधी कॉम्प्रेशन मोजायला सांगा. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे असतील तर घाई नाही. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्यात, कारण ऑइलने फट भरली. वाढला नाही तर व्हॉल्व नीट बसत नाही किंवा हेड गॅस्केट गेलंय. व्हॉल्वचं काम हेड उतरवून होतं, रिंग आणि बोअरसाठी सगळं इंजिन खोलावं लागतं. दोन्हींच्या खर्चात खूप फरक आहे. आमच्या गाडीला व्हॉल्व घासण्यावर भागलं.

आता पेट्रोलविषयी दोन गोष्टी. ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातली. ते शिसं व्हॉल्वच्या बैठकीवर उशीसारखं काम करायचं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं, आणि ते आपल्या फुप्फुसांसाठी चांगलंच झालं. संथ चालवल्या जाणाऱ्या गाडीला त्याने लगेच काही होत नाही. फक्त टॅपेटची फट वेळोवेळी मोजा. ती सारखी कमी होत असेल तर बैठक खचतेय असं समजा.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलची नळी मऊ पडते, पंपाचा पडदा फुगतो, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून इथेनॉल सहन करणारी नळी आणि नवा पडदा, हा खर्च टाळायचा नाही. तो फार मोठाही नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर गाडी उभी ठेवू नका. दर आठवड्याला थोडी चालवा.

पाचवा टप्पा: वायरिंग, आणि उरलं तर रंग

पन्नास वर्षांपूर्वीच्या वायरीचं आवरण बोटाने मोडतं. ज्या वायरी इंजिनजवळून आणि डॅशबोर्डमागून जातात त्या आधी बदला. त्याआधी एक फुकटचा उपाय: बॉडीला जिथे जिथे अर्थ जोडलाय तो प्रत्येक नट उघडून सॅण्डपेपरने घासा. मंद दिवे, अडखळणारा सेल्फ, वेडावाकडा काटा, यातले निम्मे आजार तिथेच बरे होतात.

रंगाला आमच्याकडे चौदा हजार उरले. तेवढ्यात अख्खी गाडी होत नाही. मग काय केलं? जिथे नवा पत्रा बसवला तेवढ्याच भागांना रंग दिला, बाकी जुना रंग पॉलिश करून ठेवला. जवळून पाहिलं तर छटेतला फरक दिसतो. सुरुवातीला वाईट वाटलं. पण जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिव्हाने, ट्यूरिन चार्टर नावाची जी तत्त्वं स्वीकारली आहेत, त्यांचा रोख हाच आहे: जे मूळ टिकलंय ते आधी जपा, गरजेपुरतीच दुरुस्ती करा. चकचकीत नवी करणं म्हणजे जपणं नव्हे. पैसे नसल्यामुळे आम्ही जे केलं ते जाणकारांच्या मते बरोबरच निघालं! दाराच्या आतल्या बाजूला आमची उंची मोजायला बाबांनी ओढलेल्या खुणा होत्या, त्याही वाचल्या.

आमची वही

हिशेब विचारला जातोच, म्हणून आधीच वाचून दाखवतो. पत्र्याला ६८ हजार. ब्रेक, टायर, पुढच्या चाकांचे बुश मिळून ४६ हजार. इंजिन, रेडिएटर, पेट्रोलचा मार्ग २८ हजार. वायरिंग आणि बॅटरी १४ हजार. कागद आणि विमा २० हजार. रंग १४ हजार. एकूण १ लाख ९० हजार. दहा हजार बाजूला ठेवले होते, ते पहिल्याच महिन्यात क्लचने खाल्ले. हे आमच्या गाडीचे आकडे, तुमचे वेगळे असतील. क्रम मात्र तोच ठेवा. एक टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. गाडी एकदम सगळी उघडली आणि पैसे संपले, की ती डब्यांत आणि पिशव्यांत पडून राहते. मग तिला भंगारवालाही भाव देत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका श्रोत्यांनी विचारलं: दिल्लीसारखी जुन्या गाड्यांवर बंदी इथे आली तर हा खर्च वाया नाही का जाणार?*

दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर जी बंधनं आली ती त्या प्रदेशापुरती. इथे आज नूतनीकरण होतं. पुढे नियम बदलू शकतो, आणि आमचं म्हणणं असं की गाडीचा धूर नियमात बसतो का, याची तपासणी कडक व्हायलाच हवी. आमची गाडी आठवड्यातून एकदा निघते. रोज चाळीस किलोमीटर पळवायची असेल तर मुळात जुनी गाडी घेऊ नका, लोकल बरी.

*ऑनलाइन एक प्रश्न आहे: आम्ही परदेशात असतो, गाडी विलेपार्ल्यात आहे. लांबून करून घेता येईल का?*

मनापासून सांगायचं तर नाही. मिस्त्री प्रामाणिक असला तरी दर चार दिवसांनी एक निर्णय असतो. हा पत्रा कापायचा की ठेवायचा? तिथे घरचं माणूस उभं असलं पाहिजे. फोटोवर लांबी आणि पत्रा सारखेच दिसतात. नात्यातल्या कुणाला खरी आवड असेल तर गाडी त्याच्या नावावर करून द्या. तेवढंही पुरतं.

*आणि तुमच्या गाडीचं शेवटी काय झालं?*

इमारत रिकामी करायच्या चार दिवस आधी आरटीओचं काम झालं. चावी आईकडे दिली होती. ती पुढे बसली आणि म्हणाली, "अरे, सीट तीच ठेवलीत होय?" सीट बदलायला पैसे उरले नव्हते, हे तिला सांगितलं नाही. गाडी सध्या वसईला मावशीकडे आहे. नव्या इमारतीत आम्हाला एकच पार्किंग मिळणार आहे, आणि ते कुणाला द्यायचं यावर घरात अजून वाद चालू आहे.